पेटीतला पांढरा कागद

…त्या स्टुलावर नको बसूस, त्याचा एक पाय डुगडुगतो — खाटेवर बस. लांब्याची पोर तू, तुला कसलं आलंय परकेपण. एवढीशी होतीस तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून स्टेशनच्या जिन्यापर्यंत यायचीस, आणि तो खाली बोगद्यात उतरायला लागला की माझा सदरा धरून रडायचीस — आठवत नाही? नाहीच आठवायचं. मला आठवतं. तर उद्या दहा वाजता कमिटी बसणार, आणि त्यांनी लिहिलंय की लांब्याची फुप्फुसं सिगारेटनं गेली. लांब्याची. सिगारेट मी ओढायचो ग, तो उठून लांब जाऊन बसायचा. अठ्ठावीस वर्षं जमिनीखाली दोघांनी काढली, एका डब्यातलं खाल्लं, मला माहीत नाही? कामानं आजार झाला असं ठरलं तर रेल्वेच्या दवाखान्यातली खाट आणि प्राणवायूची नळी राहणार, नाहीतर शुक्रवारी घरी — आणि घरी नेलं तर किती दिवस, ते नको सांगूस, तुझ्या तोंडावर दिसतंय.

रुमाल आणलास म्हणालीस ना, बघू. हाच. हाच तोंडाला बांधायचा. कामाच्या शेवटच्या दिवसापासून तसाच ठेवलास पिशवीत? शहाणी आहेस, बापावर गेलीस. थांब, गंमत दाखवतो — हा लोहचुंबक, फुटक्या स्पीकरमधला — असा रुमालावरून फिरवायचा. बघ, बघ कशी उभी राहिली पूड, मांजराच्या पाठीवरचे केस उभे राहतात तशी. धुराला असं होतं का कधी? मातीला होतं का? नाही. हे लोखंड. गाडी थांबताना चाक रुळावर घासतं, ब्रेक घासतो, त्याची पूड उडते आणि खाली वारा कुठला, तिथंच फिरते. आम्ही घरी येऊन नाक शिंकरलं की काजळ. कमिटीपुढे एवढं केलंस तरी पुरे, साक्षीदारसुद्धा नको. पण तुला माझी साक्ष हवीय. मग लिही. कागद आहे ना? मला सही तेवढी येते, बाकी तू लिही, मी सावकाश सांगतो — मान वर करू नकोस, ओळी वाकड्या जातील. मी इथं मोरीपाशी बसतो, गुडघा लांब करायला बरं पडतं.

लिही की फलाटावर एक पेटी होती. हवा आत ओढायची, आत पांढऱ्या कागदाची गोल चकती, हवेतली घाण त्या चकतीवर बसायची. आठवडाभरानं चकती काढून वर ऑफिसात द्यायची, नवी बसवायची. काम हलकं, खुर्चीवर बसून. ती खुर्ची आधी तुझ्या बापाला मिळाली होती. त्यानं पहिल्या आठवड्याची चकती नेऊन दिली, तव्याच्या बुडासारखी काळी. पुढच्या सोमवारी ऑफिसातल्या साहेबांनी त्याला परत रुळावर धाडलं आणि खुर्ची मला दिली. आणि मी — हे लिही, माझी हरकत नाही — मी काळी चकती वर नेलीच नाही. का नेऊ? मुलाला शाळेत पाठवताना आपण तोंड धुऊन पाठवतो की नाही? आयुष्यभर एकच शिकलो, मळलं की साफ करायचं. आठवडा भरला की काळी फेकायची, नवी घालायची, तासभर पेटी चालवायची आणि तीच वर द्यायची. शनिवारी साहेबांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, तुमच्या हाताला गुण आहे. त्या हाताचं ऊन कितीतरी दिवस पाठीवर होतं बघ.

कसला आवाज? बादली भरतेय, तू लिही.

मला ठाऊक नव्हतं असं लिहिणार होतीस? — लिही, तेच लिही. पहिलं वर्ष तरी नव्हतं ठाऊक. मग लांब्यानं सगळ्यांसाठी मुखवटे मागितले, जाळीचे, नाकावर घट्ट बसणारे. साहेबांनी टेबलावर माझ्या चकत्या मांडल्या, बावन्न, एकीपेक्षा एक गोऱ्या, आणि म्हणाले, हवा तर दुधासारखी आहे, मुखवटे कशाला? लांब्यानं चकत्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. कितीतरी वेळ. मी म्हटलं आता बोलेल. त्यानं दुपारी डबा उघडला आणि नेहमीसारखा अर्धा घास माझ्याकडे सरकवला. पोरी, त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या ना, तर मी सोडलं असतं. देवाशपथ सोडलं असतं. पण त्यानं खायला दिलं. त्यानंतर अकरा वर्षं मी चकत्या बदलल्या. खुर्ची जिन्याच्या वळणावर होती ना, वरून उजेडाचा एक तुकडा यायचा, दहा ते पावणेअकरा, बरोबर मांडीवर. तुला नाही कळायचं. खाली रुळावर ज्यानं सोळा वर्षं काढली त्याला विचार उजेड काय असतो. तुझा बाप रुळावरून वर बघायचा आणि हात हलवायचा. खोकला तेव्हाच लागला होता त्याला. मी पण हात हलवायचो.

ही खोलीसुद्धा साहेबांचीच देणगी. खिडकी बघितलीस? पूर्वेला आहे. काल ते स्वतः आले होते, म्हातारे झालेत, जिना चढताना धाप लागली. म्हणाले, लांब्याची मुलगी तुमच्याकडे येईल, चांगली मुलगी आहे, पण तुम्ही खोलीत मरेपर्यंत राहावं असं मला वाटतं. एवढंच. मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, साहेब, मला अजून डोळ्यांना दिसतंय, मळलेलं दिसलं की माझा हात —

झालं लिहून? सही आत्ता कशी करू, हात ओले आहेत. साबणाचे. हा बघ तुझा रुमाल. तीन पाणी काळं निघालं, चौथं नितळ. कडेला निळी रेघ होती हे मीच विसरलो होतो, तुझ्या आईनं घातलेली ना ती? असा घाणेरडा रुमाल चार मोठ्या माणसांपुढे नेणार होतीस. बापाची लाज काढायची का? रडू नकोस. तुला लहानपणी शांत कोण करायचं? मीच. तसंच समज.

ओला आहे, पिशवी भिजेल, तो लिहिलेला कागद दे इकडे. दे ग, सोड, फाटेल. असा, रुमाल घडी घालून त्यात गुंडाळला की झालं. शाई काय, पसरणारच. लांब्याला सांग, मी विचारलंय. आणि जाताना दार घट्ट ओढून घे, बाई. धूळ येते.