मोठी झालेली अक्षरं

हरवलेल्या लायसनची तक्रार द्यायला मी सोलापुरात पोलीस ठाण्यात बसलो होतो. शेजारच्या बाकावर मोहोळकडचे बाप-लेक होते. मुलीच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता.

“रेश्मा, साहेब बेवारस मयतांचे फोटो दाखवणार हायत. तू बाहेर थांब.”

“आबा, आधी हे बघा. दादा ज्यात कोड लिहायचा ना, तो हा एडिटर.”

“पोराला घरातनं निघून जाऊन वीस दिस झाले. आता ते बघून काय करू?”

“आज सकाळी यातली अक्षरं आपोआप मोठी झाली.”

“तूच काय तरी दाबलं असशील.”

“हातसुद्धा लावला न्हाय. दादाच्या खात्यातनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर बदल केला, की तो हितंबी दिसतो.”

“दुसऱ्या कुणी केला असंल.”

“पासवर्ड फक्त त्यालाच माहीत हाय.”

“मग अक्षरं मोठी कशाला करंल त्यो?”

“तेच मला कळंना.”

“थांब जरा. चष्मा घरीच राहिलाय की त्याचा.”

“रावजी कोण? आत या, फोटो बघायचेत,” आतून साहेबांनी हाक मारली. आबा उठले.

“साहेब, फोटो ऱ्हाऊ द्या. पोरगं कुटल्या कॉम्प्युटरम्होरं बसलंय, तेवढं शोधा.”