केळ्याच्या कॉफीचा दुसरा ग्लास

मला हट्टी म्हणता ना तुम्ही सगळ्या? मग आमच्या आबांचं ऐका. सावद्याला मला बघायला धुळ्याची मंडळी आली होती, तेव्हाची गोष्ट. अशा वेळी मुलीने चहाच न्यायचा, हे ठरलेलं. मी मात्र मिक्सरमध्ये दूध, कॉफी आणि आमच्याच बागेतलं पिकलेलं केळं फिरवत होते. माझे वडील, म्हणजे आबा, स्वयंपाकघराच्या दारात येऊन दबक्या आवाजात ओरडले, "हे काय करू राहिली? कॉफीत केळं? लोक हसतीन ना!"

"हसू देत," मी म्हटलं. "मी रोज हेच पिते, लग्नानंतरही हेच पिणार. आत्ताच कळू दे त्यांना."

ट्रे घेऊन मी बाहेर गेले. मुलाच्या काकांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "कॉफीत केळं कोण घालतं? केळ्याने सगळी चव घालवली."

आई माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "काका, केळं चांगलंय. कॉफी जरा जास्त पडली."

आबा आयुष्यात कधी कॉफी प्यायले नव्हते. त्यांनी आपला ग्लास उचलला, डोळे मिटून एका दमात रिकामा केला, मिशी पुसली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "मले आणखी एक आण. आन् पाहुण्यांचा ग्लास उचल. ज्याले माह्या बागेतलं केळं चालत नाही, त्याले माही पोरगी काय चालीन?"