तांगी म्हणजे काय?

...आणि वर भाचेसून मलाच विचारते, "मामा, नावाचा अर्थ काय?" तुम्हाला सांगतो, सत्तर वर्षं मी तांगी आहे, समुद्रातलं शेवाळ ओढून ओढून कंबर गेली, पण अर्थ कुण्णी विचारला नव्हता! आमच्याकडे पद्धत साधी... बाप्तिस्म्याला धर्मपिता जो, त्याचं नाव मुलग्याला. नको म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. मला ना बायको ना पोर, हे नाव माझ्याबरोबरच मातीत जायचं, तेवढ्यात भाचा गुलवेन म्हणाला, "मामा, बाळाचे धर्मपिता तुम्ही!" काय आनंद झाला म्हणून सांगू! पण त्याची बायको क्लेमॉन्स पडली लांबच्या लियाँ शहरची, तिला आमच्याकडचं काय ठाऊक, तिला अर्थ हवा. नावाचा अर्थ विचारू नये हो!

म्हटलं, "आमच्या जुन्या बोलीत 'तान' म्हणजे आग आणि 'की' म्हणजे कुत्रा, मिळून तांगी." "कुत्रा?" "अगं, जुन्या काळी कुत्रा म्हणजे योद्धा!" बरं, पटलं. तर लगेच, "मग हे संत तांगी कोण?" झालं! माझी बहीण फान्त केकमध्ये तोंड घालून बसली, गुलवेन सायडर ओततोय, ग्लास भरून वाहिला तरी ओततोय... सगळ्यांना ठाऊक होतं ना! सावत्र आईनं कान भरले म्हणून त्या तांगीनं सख्ख्या बहिणीचं मुंडकं उडवलं, मग पस्तावला, मठात गेला, तिथं म्हणे त्याच्या डोक्याभोवती आग दिसली, म्हणून हे नाव! आणि बहिणीचं नाव? ओद. आणि क्लेमॉन्सच्या थोरल्या मुलीचं? तेही ओदच! चार वर्षांपूर्वी संतांच्या कॅलेंडरात बघून ठेवलेलं, "किती छोटं, किती गोड!" आम्हीही माना डोलावल्या... तिला भाऊ होईल आणि त्याला धर्मपिता मी मिळेन, हे कुणाच्या स्वप्नात होतं?

म्हटलं, "संत तांगी ना? घरच्यांवर फार लक्ष असायचं त्यांचं." सांगितलं नावाचा अर्थ विचारू नये, तर ऐकतंय कोण!

नाव कचेरीत नोंदलं, बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं, घंटा वाजल्या, मी म्हणतोय सुटलो... तर पाद्रीबुवा खुशीत, "वा! ओद आणि तांगी, पुन्हा एका घरात!" आणि सगळी गोष्ट छोट्या ओदच्या देखतच सांगून मोकळे, तलवारीसकट! क्लेमॉन्सनं माझ्याकडे असं बघितलं... पण करते काय?

राहिलं हो माझं नाव. परवा गेलो, बाळ पाळण्यात पाय झाडतंय आणि ओद भर ऑगस्टात गळ्याला मफलर गुंडाळून बसलेली. म्हटलं, "काढ गं, उकडत नाही का?"

म्हणते, "उकडतं, आजोबा... पण तो मोठा होतोय ना!"