थंडगार हीटसिंक

मंडळी, ऐका! — म्हणजे, असं दणक्यात म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं. माझा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोचतो की नाही, याची मलाच शंका आहे. गेल्या वर्षी इथे जे बुवा आले होते, त्यांचा आवाज म्हणे रस्त्यापर्यंत जायचा. असू द्या! मावशी, तुम्हाला ऐकू येतंय ना? मान हलवली त्यांनी. झोपेत हलवली नसेल असं समजू या!

तर आजचा प्रश्न. नागपुरात कुण्या अनोळखी माणसानं मोठा बंगला बांधला — आपलं काय जातं? काही नाही! बांधो बापडा. पण ज्याला आपण हाताला धरून शिकवलं, जो काल आपल्या मागून चालत होता, तो एक पाऊल पुढे गेला — की इथे, छातीच्या जरा खाली, गरम का होतं हो? आणि त्या आगीत नक्की जळतं कोण? तो, की आपण?

पूर्वरंगात मी पोथ्यांमधले दाखले दिले. पुढच्या ओळीतल्या दोघांनी जांभया दिल्या. म्हणून आख्यान पोथीबाहेरचं घेतो. आपल्या अकोल्यातलं, कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या पोरांचं! हसू नका. मी वाचून, विचारून, पाठ करून आलोय. तरी चुकलो, तर इथल्या इंजिनिअर मंडळींनी नंतर हळूच सांगावं. माईकवर नको!

शंतनू गावंडे नावाचा एक तरुण. मे महिन्यात, दोन लग्नतिथींच्या मधे, त्याच्या मामांचं मंगल कार्यालय रिकामं असे. तिथे दरवर्षी मित्र जमायचे. येताना प्रत्येकानं आपला कॉम्प्युटर आणायचा — ओल्या बाळंतिणीच्या बाळासारखा गोधडीत गुंडाळून, स्कूटीवर, मागे बसणाऱ्याच्या मांडीवर! सगळे कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडायचे आणि दिवसभर एकत्र खेळायचं. याला म्हणतात लॅन पार्टी. आपण पेटी, तबला, टाळ घेऊन एका मंडपात जमतो की नाही? तसंच! फक्त तिथे कुणी पेंगत नाही.

आता त्यांची रीत ऐका. खेळ ज्याच्या मशीनवरून चालणार, तो होस्ट. त्याला बसायला खास खुर्ची — लाल मखमलीची, सोनेरी हातांची, नवरदेवाची! कार्यालयातलीच! ती मिळवायची कशी? आपली मशीन ओव्हरक्लॉक करून.

हे काय प्रकरण? सांगतो. आमचे तबलजी आहेत ना, त्यांना मी म्हणतो, मध्य लयीत वाजवा. ते काय करतात? द्रुत वाजवतात! बघा, मान खाली घातली. तसंच हे. कंपनी सांगते, कॉम्प्युटरची चकती — म्हणजे आतला प्रोसेसर, त्याचा मेंदू — अमुक वेगानं पळवा. ही पोरं म्हणतात, पळेल की अजून! पळते. पण तापते. म्हणून तिच्यावर धातूचा मोठा ठोकळा बसवायचा, त्याला हीटसिंक म्हणतात. चकतीचा ताप ठोकळ्यात चढतो, त्याच्यावरचा पंखा तो बाहेर फेकतो. झालं! एवढंच शास्त्र. याहून जास्त मला विचारू नका.

वेग वाढवला की सगळ्यांनी मशीनवर एक जड चाचणी सुरू करायची आणि जेवायला जायचं. चाचणी संपेपर्यंत ज्याची मशीन सगळ्यात जास्त वेगात, न थांबता चालू राहील — तो नवरदेव!

ती खुर्ची पहिल्यापासून शंतनूची. दुसऱ्या कुणी तिच्यावर नुसती ओली टोपी ठेवली तरी याच्या कपाळाला आठी!

आणि त्याचा मित्र गुणवंत तायडे. नाव आजोबांचं, पण पोरगा तरुण बरं का! सगळे गुण्या म्हणत. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हेसुद्धा त्याला शंतनूनं शिकवलेलं. यंदा दोघांनी एकाच दुकानातून एकाच जातीची नवी चकती घेतली. गुणवंत काय करी? वेग एक पायरी वाढवी, तपासी, थांबी. पुन्हा एक पायरी. धीराचं काम! आणि एका सकाळी मित्रांच्या ग्रुपवर त्याच्या वेगाच्या आकड्याचा फोटो आला.

शंतनूनं तो फोटो पाहिला. दोन बोटांनी मोठा करून पाहिला. आकडा मोठाच होता!

लगेच लिहिलं — ‘वा गुण्या! लय भारी!’ आणि वर टाळ्यांची चित्रं. किती टाळ्या! आणि हाताखाली? चहा तसाच निवत पडलेला.

‘मी शिकवलं याला. माझ्या खुर्चीवर डोळा!’

त्याच दिवशी त्यानं बाजारातला सगळ्यात थोरला हीटसिंक आणला. घाईघाईनं डबा फाडला. सोबतचा कागद कोण वाचतो? मला तर औषधाच्या बाटलीवरचंही सगळं वाचल्याशिवाय घोट घेववत नाही! पण हा उस्ताद. चकतीचा ताप ठोकळ्यात नेणारी पेस्ट लावली, ठोकळा बसवला, स्क्रू आवळले. मनात एकच जप — गुण्याचा आकडा, गुण्याचा आकडा!

मशीन सुरू झाली. आणि जरा वेग वाढवला, की तापायची! पुन्हा वाढवला, पुन्हा ताप. याला वाटलं — माझी चकती खराब निघाली. गुण्याची चांगली. त्याचं नशीब! आता मंडळी, एका कारखान्यातून निघालेल्या दोन चकत्यांत फरक असतो, हे खरं आहे. मी वाचलंय. पण मत्सराची गंमत अशी, की त्याला खरं कारण शोधायचं नसतं. त्याला दुसऱ्याचं नशीब सापडलं की पुरे!

तेवढ्यात गुणवंतचा फोन.

“शंत्या, झाली का बे मशीन? गरमगिरम होत असंल तर येतो पाहाले.”

“गरम? छ्या! मस्त चालून राह्यली.”

“पक्कं ना?”

“तू तुही पाह्य ना बे!”

ठेवला फोन. एक शब्द खरा बोलला असता, तर हे आख्यान इथेच संपलं असतं आणि तुम्ही वेळेवर घरी गेला असता!

लॅन पार्टीचा दिवस आला. अकोल्याचा मे! बाहेर डांबर पाघळतंय, आत मोठे दोन कूलर घरघरतायत. टेबलांवर ओळीनं मशीनी. शंतनू हसतोय, पाठीवर थापा मारतोय. गुणवंतची मशीन त्याच्या शेजारीच. सगळ्यांनी चाचण्या सुरू केल्या. मागच्या अंगणात मामांनी रोडगे आणि वांग्याची भाजी केलेली, वास दारातून आत येतोय. पोरं पळाली!

“चाल ना बे,” गुणवंत म्हणाला.

“मले भूक नाही. तू जाय.”

“रोडगे आहेत, शंत्या!”

“नाही म्हटलं ना.”

गेले सगळे. दालन रिकामं. शंतनू एकटा. त्याच्या पडद्यावर तापाचा आकडा चढतोय. शेजारी गुणवंतची मशीन बघा — शांत! भरल्या पोटी ताणून दिलेल्या माणसासारखी! तिचा वेग याच्याहून जास्त, आणि आवाज एवढासा.

समोर लाल खुर्ची.

आणि टेबलाखाली लग्नात अंथरायची सतरंजी, गुंडाळून ठेवलेली.

मंडळी, त्याला वाटलंही नव्हतं की आपण असं करू. असं कुणालाच आधी वाटत नाही. त्यानं वळकटी उचलली, टेबलावर ठेवली — नुसती ठेवली हो! — आणि कोपरानं हळूच सरकवली. गुणवंतच्या मशीनच्या तोंडाशी. जिथून ती गार हवा आत घेते, तिथे! झालं. कुणी विचारलं तर? सतरंजीच आहे. कुणीतरी ठेवली असेल.

बसला परत. हात मांडीवर. आणि तेवढ्यात — फट्! कुणाचा पडदा काळा झाला? सांगा! गुणवंतचा?

शंतनूचा!

तो नुसता बघत राहिला. स्वतःच्या काळ्या पडद्यात स्वतःचंच तोंड. तेवढ्यात पोरं हात पुसत आत आली. सगळ्यात पुढे गुणवंत, हातात ताट — दोन रोडगे, वर तुपाची धार, वाटीत वांग्याची भाजी.

“तुह्यासाठी आणलं. निवन, खाय आधी…” आणि त्याला काळा पडदा दिसला. “हे काय बे? बंद पडली?”

मागून एकजण ओरडला, “शंतनूभाऊ, खुर्ची गेली नं!” सगळे हसले. गुणवंत हसला नाही. ताट बाजूला ठेवलं, मशीनचं झाकण उघडलं, आत हात घातला. आणि थबकला.

“शंत्या, हात लावून पाह्य.”

शंतनूनं हीटसिंकला बोट लावलं. थंडगार! माठासारखा थंड!

“खाली चकती जळून राह्यली, आणि वरचा ठोकळा गार? कसं काय?” गुणवंत म्हणाला.

इथे मला एक ओळ सुचली होती. माझीच आहे, म्हणून जरा अडखळते. पेटीवाले, सूर द्या —

*वरूनी शीतळ । आतूनी जळते ।*
*मन हे छळते । आपणासी ॥*

राहू द्या, एकदाच पुरे.

तर इकडे गुणवंत स्क्रू सोडवतोय. आणि तिकडे त्याच्या मशीनचा आवाज चढायला लागला. घूं… घूंऽऽ! पंखे नुसते किंचाळतायत!

“गुण्या, तुही पण जाते बे आता!” मागून कुणीतरी ओरडलं.

“जाऊ दे. आधी याचं पाहू.”

शंतनूच्या कानात तो आवाज शिरला. सतरंजी त्याच्या हाताच्या अंतरावर. गप्प बसला असता तर दोघांच्याही मशीनी बंद पडल्या असत्या. गुणवंतलाही खुर्ची नाही! कुणाला काही कळलंही नसतं!

गुणवंतनं ठोकळा उचलला, उलटा केला, उजेडात धरला. नखानं कोपरा खरवडला. आणि ठोकळ्याच्या तळावरून हळूहळू सोलून काढली — प्लास्टिकची पातळ, पारदर्शक झिल्ली! बसवायच्या आधी काढायची असते ती. सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. पोराटोरांना माहीत असतं. उस्तादानं तशीच ठेवली होती! ताप वर चढणार कसा? चकती आणि ठोकळ्याच्या मधे, डोळ्यांना दिसणारही नाही, अशी ती बसलेली.

सगळे खो खो हसले. गुणवंत मात्र आनंदानं ओरडला, “अबे, चकती चांगली आहे तुही! एकदम चांगली!”

मंडळी, हसण्यानं शंतनूला काही झालं नाही. या वाक्यानं झालं. तो उठला. शेजारच्या मशीनसमोरची वळकटी दोन्ही हातांनी ओढून खाली टाकली. पंखे किंचाळत होते ते हळूहळू खाली आले. सगळे बघतायत.

“मी सरकवली होती,” शंतनू म्हणाला. “तुम्ही जेवाले गेल्यावर.”

हसणं थांबलं. गुणवंतनं सतरंजीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. झिल्ली त्याच्या बोटाला चिकटलेलीच. मग त्यानं हात पुढे केला.

“पेस्टची नळी दे इकडं. आणि टॉर्च धर नीट. हालवू नको.”

शंतनूनं टॉर्च धरला.

एवढंच आख्यान.

काय म्हणता? हो, तुम्हीच, खांबाशी बसलेले काका. काहीतरी विचारलंत. ‘मग खुर्ची कुणाला मिळाली?’

अहो, हेच! हेच म्हणत होतो मी! एवढं सांगितलं, ताट सांगितलं, टॉर्च सांगितला — आणि तुमचा जीव अजून खुर्चीत! कोण पुढे, कोण मागे, कुणाचा आकडा मोठा! रागावू नका. लिहून घेताना मलाही सांगणाऱ्याला पहिल्यांदा तेच विचारावंसं वाटलं होतं. मी विचारलं नाही. खरंच मला ठाऊक नाही.

पण बसल्या जागी एकच करा. मी सांगत होतो, तेव्हा मधेच एक चेहरा तुमच्या डोळ्यांसमोर आला होता ना? जावेचा असेल. ऑफिसातल्या धाकट्याचा असेल. ज्याला तुम्ही टाळ्यांची चित्रं पाठवलीत, आणि चहा निवत ठेवलात! आला होता. मला इथून दिसतं सगळं. वरून आपण किती गार दिसतो हो! कपाळाला हात लावा, थंडगार! आता आतल्या त्या झिल्लीच्या कोपऱ्यात नख घालायची हिंमत मारुतीरायानं द्यावी — मला, तुम्हाला, आणि गेल्या वर्षीच्या बुवांचं नाव मी परत काढलं, तर मला दुप्पट!

चला, आरतीला उठा. गुडघे धरले असतील. तो चेहरा या मंडपातच कुठे बसला असेल, तर त्याला आधी हात देऊन उठवा — मग निरांजन लावू.