तक्रार विभागातील ताई बेपत्ता असल्याबाबत

मी, खाली सही करणार, वय ५७ वर्षे, धंदा वजनकाटे दुरुस्ती, राहणार दुकानाच्याच मागची खोली, आज दुपारी सव्वातीन वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी एकटा राहतो. दुकानही एकटाच चालवतो. बायको अकरा वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही.

दोन वर्षांपूर्वी मी दुकानाच्या नावाचे डोमेन घेतले. त्याचा वर्षाचा खर्च एका साध्या जेवणाइतका येतो. रीतसर कंपनीचे ईमेल घ्यायचे तर माणशी दरमहा पैसे पडतात. ते झेपणारे नव्हते, आणि माणसे तरी कुठे होती? म्हणून त्या डोमेनवर चार पत्ते केले: चौकशी, हिशेब, दुरुस्ती आणि तक्रार. चारही पत्त्यांवरचे मेल आपोआप माझ्या घरगुती, फुकटच्या इनबॉक्समध्ये येऊन पडतात. उत्तर देताना ‘कोणाकडून’ या चौकोनात हवा तो पत्ता निवडला की गिऱ्हाइकाला तोच दिसतो. एका दुपारी सगळे जुळले. दुकानात चार टेबले आहेत असे लोकांना वाटू लागले. नाव मोठं, लक्षण खोटं म्हणा, पण यात मी कोणाला बुडवलेले नाही.

तक्रारीच्या पत्त्यावर मी बाईमाणूस बसवले, कारण माझ्यावर लोक ओरडतात. खाली ‘ताई, तक्रार विभाग’ एवढेच लिहीत असे. हळूहळू हिशेबवाला तुसडा झाला, दुरुस्तीवाला दोन शब्दांत उत्तर देऊ लागला आणि ताई ऐकून घेणारी निघाली. हे मी ठरवून केले नाही. येथे अंमलदारांनी ‘मुद्द्याचं बोला’ असे सांगितले. मुद्दा हाच आहे.

ताई बेपत्ता असल्याची फिर्याद देणाऱ्या बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला लोकरीचे दुकान चालवतात व त्याच्याच वर राहतात. त्यांचा काटा मी कुरियरने घेऊन कुरियरनेच परत पाठवला होता, त्यामुळे त्यांना आजवर पाहिलेले नव्हते. सात महिन्यांपूर्वी, काटा वजन पाच ग्रॅम कमी दाखवतो म्हणून त्यांनी तक्रारीच्या पत्त्यावर चांगलीच खरडपट्टी काढली. ताईने दिलगिरी व्यक्त करून, काटा सपाट जागी ठेवून बघा असे कळवले. काटा खिडकीच्या उतरत्या फळीवर ठेवलेला होता. तक्रार तिथे मिटली, पत्रे मात्र चालू राहिली. आधी गुडघ्यांविषयी, मग बोलणे टाकलेल्या बहिणीविषयी. महिनाभरात त्या ताईला अगं-तुगं करू लागल्या आणि ताई त्यांना. मी रोज दुपारी जेवता जेवता ताईचे उत्तर लिहीत असे. खरे सांगायचे तर सकाळपासून मी त्याच वेळेची वाट पाहत असे.

या महिन्याच्या चार तारखेला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी मी दवाखान्यात दाखल झालो. तीन दिवसांचे काम ताप आल्याने नऊ दिवसांवर गेले. दाखल होताना फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचा संपर्क विचारला होता. रकाना मोकळा ठेवू देईनात, म्हणून मी ‘चौकशी’चा पत्ता लिहिला. शस्त्रक्रियेनंतर ‘आपला रुग्ण शुद्धीवर आला आहे, भेटण्यास हरकत नाही’ असा मेल माझ्याच उशाजवळच्या फोनवर आला. नर्सबाईंनी विचारले, “कळलं का घरच्यांना?” मी म्हटले, “कळलं.”

ताईच्या पत्त्यावरून पाठवण्याची सोय मी फक्त दुकानातल्या संगणकावर वापरत आलो होतो. फोनवर ती कशी करायची हे मला येत नव्हते. फोनवरून पाठवले की माझ्याच नावाने जाई. त्यामुळे फिर्यादींची पत्रे मी पडल्या पडल्या वाचत होतो व उत्तर देत नव्हतो. सातव्या दिवशी त्यांचे पत्र आले. ‘रविवारपासून माझा आवाज मी ऐकलेला नाही. गिऱ्हाईक नाही, फोन नाही. तू रागावलीस का?’ त्यावर मला राहवले नाही. मी फोनवरूनच लिहिले, ‘राग कसला. आधी जेवून घे.’ पत्र माझ्या नावाने गेले आणि त्यांनी ताईला लिहिलेला सगळा मजकूर खाली तसाच चिकटून गेला. चूक झाली ती एवढीच.

लगेच उलट पत्र आले. ‘तुम्ही कोण? ताईचं पत्र तुमच्या हाती कसं लागलं? ताईचं काय केलंत?’ मी फोन उशीखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी त्या दुकानावर आल्या, कुलूप पाहिले, शेजाऱ्यांना विचारले. इथे कोणी बाई कामाला नाही असे शेजारी म्हणाले. तिथून त्यांनी थेट ठाण्यात येऊन फिर्याद दिली. मी दवाखान्यातून सुटल्यावर आज आम्हा दोघांना इथे बोलावले आहे.

त्या नऊ दिवसांत माझी चौकशी करायला कोणीही आले नाही. जे एक माणूस आले ते ताईला शोधत आले. मला याचे वाईट वाटले, आणि खोटे कशाला बोलू, बरेही वाटले. मी ताईला काहीही केलेले नाही. अशी बाई नाही आणि कधी नव्हती.

फिर्यादी बाहेर बाकावर बसलेल्या आहेत व त्यांना अद्याप काही सांगितलेले नाही. साहेब म्हणाले, “मी सांगतो, दोन मिनिटांचं काम.” माझी विनंती आहे की हे मला सांगू द्यावे. त्यांनी जे लिहिले ते ताईला लिहिले, मला नाही. एकदा कळले की त्या मला ओळही लिहिणार नाहीत, हे मी जाणून आहे. सात महिन्यांत माझ्याशी बोलणारे तेवढे एकच माणूस होते.

जबाब चालू असताना चार वाजून पाच मिनिटांनी टेबलावरचा माझा फोन वाजला. साहेबांच्या सांगण्यावरून मी मेल मोठ्याने वाचला. तक्रारीच्या पत्त्यावर, फिर्यादींकडून, बाहेरच्या बाकावरून आलेला तो मजकूर असा: ‘मी ठाण्यात बसले आहे. त्या माणसाला आत घेतलंय. तू घाबरू नकोस. तू सापडल्याशिवाय मी इथून उठायची नाही.’

या मेलला उत्तर दिलेले नाही. वरील मजकूर अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला, मी सांगितला तसाच उतरला आहे. सही करून मी बाहेर बाकाकडे जात आहे.