पोलिक्सेनीचे दहा दिवस

…नाही नाही, श्वास आत ओढू नकोस. पोट आत घेऊन फसवणार कुणाला – मला, की टेपला? सोड. हां, हे खरं माप. आणि अहोजाहो काही करणार नाही बरं का मी, माझ्या लेकीच्या वयाची आहेस. पट्टा मी दोन बोटं घट्टच शिवणार – ऑपरेशननंतर सहा आठवडे अंगावर राहणार तो, नवऱ्यापेक्षा जास्त चिकटून. तो गाडीत बसलाय तोच ना? बसू दे. पोटाला नावं ठेवताना पुरुषांना लाज वाटत नाही, पट्ट्याच्या दुकानात शिरताना मात्र वाटते.

लोंबतं पोट कापून शिवणार, त्याबद्दल सर्जननं काय सांगितलं – 'थोडं ओढल्यासारखं वाटेल'? थोडं. आपल्या या व्होलोस शहरातल्या सगळ्या सर्जनांना हा एकच शब्द कुणीतरी शिकवून ठेवलाय. मी सांगते ऐक. पहिले आठ-दहा दिवस तू कमरेत वाकून चालशील, रस्त्यात पडलेली सुई शोधतेयस अशी. दोन्ही बाजूंना नळ्या, टोकाला बाटल्या, त्यांत लालसर पाणी – मिरवायच्या, दागिने समजून. झोपायचं अर्धवट बसून, गुडघ्यांखाली उशी. हसायचं नाही, खोकायचं नाही, आणि शिंक आली की देवमाता आठवते. टाके कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत. बेंबीसुद्धा नवी बसवून देतात – जुनीनं काय घोडं मारलं होतं कोण जाणे. आणि एवढं करून महिना-दोन महिने सूज, म्हणजे बायका विचारणार, 'अगं, ऑपरेशन कधी आहे तुझं?'

मी? छे. माझं पोट माझ्याबरोबर कबरीत जाईल. बहिणीनं केलं माझ्या, पोलिक्सेनीनं. धाकटी. जुळे झाले होते तिला, तेव्हापासून पोटाची पिशवी लोंबायची – आणि त्यातल्या एकाचं लग्न ठरलं. हिला कमरेत नेमका बसणारा ड्रेस हवा. मी म्हटलं, पंचावन्न वर्षांची तू, नवरदेवाची आई, तुला बघणार कोण? म्हणाली, 'मी बघीन की.'

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांचा दोष नाही – कुणी तसं म्हणालं तर मीच भांडते. नर्सनं दुसऱ्याच दिवशी उठवून चालवलं तिला, घरी सोडताना कागद दिला – दर दोन तासांनी उठा, थोडं चाला, पाय हलवत राहा, पोटरी दुखली तर लगेच फोन करा. कागद माझ्याच हातात दिला. वाचला मी. वाचून कपाटाच्या खणात टाकला. चाला म्हणे – यांचं काय जातंय सांगायला, पोट शिवलेलं माणूस आहे. माझ्या घरी आणलं तिला, खिडकीपाशी पलंग लावला, लिंबू-अंडं घातलेलं कोंबडीचं सूप चमच्यानं भरवलं, शौचाचं भांडंसुद्धा पलंगावरच. सगळी गल्ली म्हणायची, बहीण असावी तर इव्हान्थियासारखी. दोनदा म्हणाली ती, 'ताई, जरा गॅलरीपर्यंत जाऊन येते.' मी म्हटलं, पडून राहा गप, मी आहे ना. होतेच मी – दहा दिवस हललेच नाही तिथून. आठव्या दिवशी म्हणाली, पोटरी दुखते. कागदात होतं ते. मला आठवलं नाही. – आठवलं होतं. वाटलं, आता फोन केला तर विचारतील, चालवलं का. म्हणून तेल लावून चोळून दिली. चांगली चोळली, शिवणकामाचे हात आहेत, जोर आहे त्यांत.

दहाव्या दिवशी सकाळी म्हणाली, 'खिडकी उघड ताई, हवा नाहीये.' खिडकी उघडीच होती.

रक्ताची गुठळी. त्याच पायातून फुप्फुसात. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं.

पांढरी नको पडूस. कर तू, खुशाल कर, शेकडो जणी करतात, हिंडतात-फिरतात – दुकान त्यांच्यावरच चालतं माझं. फक्त एक सांग. नंतर घरी तुझ्याजवळ कोण राहणार आहे? नवरा? आई? आई – फार जीव आहे तिचा तुझ्यावर? काडी उचलू देत नाही?

मग तिला पाठव माझ्याकडे. गुरुवारी, एकटीला. माप घ्यायचंय म्हणून सांग, काहीही सांग. आणि आता जा बाई, मला शिवायला बसू दे.