प्रमिला गडाच्या पायरीवर बसली तेव्हा

मंडळी, एक प्रश्न विचारतो; उत्तर मनातल्या मनात द्या. खालून वर आलेल्या माणसानं आपली वाट लपवावी का? — का हो, माना का खाली गेल्या? असू द्या. ऐका!

एक होती प्रमिला धोत्रे. आई खाणीत दगड फोडायची. घर म्हणजे खाणीच्या कडेला ताडपत्री! अशा घरातली पोर तालुक्याच्या वसतिगृहात राहिली, शिकली, शहरात मोठ्या कंपनीत इंजिनीअर झाली. केवढी चढण! पण कंपनीत कुणी घरचं विचारलं, की सांगायची, वडिलांचा बांधकामाचा धंदा होता. चालायचं!

एकदा कंपनीतल्या लोकांनी ठरवलं, गड चढायचा आणि गरिबाघरच्या मुलींच्या शिक्षणासाठी मदत उभी करायची. सगळे माथ्यावर पोचले, तर देणगीदार वसतिगृहाला नवी इमारत बांधून देणार होते. आणि वसतिगृह कुठलं? प्रमिलेचंच! नाही म्हणावं, तर लोक कारण विचारणार. हो म्हणावं, तर वसतिगृह सांभाळणाऱ्या अनसूयाआक्का ओळखणार.

गेली. पायथ्याशी आक्का उभ्याच. त्यांनी पाहिलं, ओळखलं — आणि सगळ्यांसारखाच तिच्याही हातावर गूळ-शेंगदाणा ठेवून पुढं सरकल्या. प्रमिलेचा जीव भांड्यात पडला. पण मंडळी, तो गूळ काही गोड लागेना.

चालणाऱ्यांत वसतिगृहातली एक मुलगी होती, रेश्मा. माथ्याखाली कातळात खोदलेल्या पायऱ्या, एका अंगाला दरी. रेश्मा मध्येच बसली ती बसलीच. कुणी धीर दिला, कुणी चॉकलेट पुढं केलं — आता चॉकलेटनं का दरी बुजते? पोर रडत म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही वरचीच माणसं."

प्रमिला तिच्याशेजारी जाऊन बसली. सगळे ऐकत होते. म्हणाली, "मी तुमच्या विहिरीकडच्या खोलीत राहिलेय. माझी आई खाणीत दगड फोडायची. पहिल्या दिवशी मी अशीच दारात बसून राहिले, आत जाईना. आक्कांनी हात धरला. तू माझा धर."

रेश्मानं तिच्याकडं पाहिलं, आणि हात धरला. बसत-उठत, कातळाला चिकटून दोघी माथ्यावर पोचल्या. इमारत पक्की झाली!

आणि कंपनीतले लोक? आभाळ कोसळलं? छे! साहेबांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि विचारलं, आई कशा आहेत आता. बस्स! एवढ्याशा गोष्टीला बिचारी वर्षानुवर्षं भीत होती.

तिनं माथ्यावरूनच फोन लावला. "आये, तू दगड फोडायचीस ते मी आज सगळ्यांना सांगितलं."

पलीकडं आई हसायला लागली. "मग त्यात काय? तुझा आवाज ऐकून मला वाटलं, पडलीस की काय!"

प्रमिला हसली, आणि हसता हसता रडली.

तर मंडळी, इथं बसलेला प्रत्येक जण कुणाचा तरी हात धरून वर आलाय. मीसुद्धा! देव माथ्यावर भेटतो म्हणतात; भेटत असेल. पण मधल्या पायरीवर बसून राहिलेलं लेकरू तुमच्याच गल्लीत असेल, त्याच्याकडं पाहिलंत का? आता हरिनामाला दोन्ही हातांनी टाळी द्या. घरी जाताना मात्र एक हात मोकळा ठेवा!